डोळा सापडला नाही

मित्रांनो, मला जुना म्हटलेलं चालेल. आहेच मी जुना. माझ्या एका कडेचं प्लास्टिक पिवळं पडलंय, खालची खुंटी तुटल्यामुळे मी पुठ्ठ्याच्या घडीवर टेकून बसतो, आणि उन्हाळ्यात तासभर चाललो की माझं अंग तापतं. हे सगळं कबूल. पण मला खोटारडा म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. भर खोलीत, माझ्या तोंडावर, एका शिकलेल्या माणसानं मला तसं म्हटलं. म्हणून आज ही माझी कहाणी मी स्वतः सांगतोय.

मी एक कॅमेरा आहे. फोटो काढणारा नाही. तुमचे दात, केस, नवा फ्रॉक यांच्याशी मला काही देणंघेणं नाही. मी फक्त डोळे बघतो. संगणकाच्या पडद्याखाली मी पट्टीसारखा आडवा बसतो. समोर खुर्चीवर माणूस बसतो, पडद्यावर चित्र येतं. माझ्या पोटातले दोन दिवे त्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड टाकतात. हा उजेड माणसाला दिसत नाही आणि त्याला टोचतही नाही. त्या उजेडात डोळ्याची बाहुली मला गोल आणि काळीभोर दिसते. ती जिकडे वळेल तिकडे मी तिच्या मागे जातो. चित्रात नजर आधी कुठे गेली, कुठे रेंगाळली, कुठून परत फिरली, ते सगळं मी चित्रावर निळ्या रेघेनं काढून दाखवतो. आणि बाहुली मिळाली नाही, तर सरळ सांगतो, डोळा सापडला नाही.

एवढंच माझं बोलणं. हे एवढं बोलणंही लोकांना नीट ऐकता आलं नाही, ही माझी तक्रार आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी माझं भिंग बसवलं. मी तयार झाल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा काचेचे डोळे दाखवले. ते डोळे हलत नव्हते, कंटाळत नव्हते, चोळले जात नव्हते. त्यांच्यावर मी पहिल्या नंबरानं पास झालो. तेव्हा मला वाटलं, जगातले सगळे डोळे असेच असणार. किती भोळा होतो मी!

तिथून विमानानं मी मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत आलो. तिथं माझ्यासमोर साबणाची वेष्टणं आणि बिस्किटांचे पुडे ठेवत. लोकांची नजर बाळाच्या चेहऱ्यावर आधी जाते हे मी त्यांना दाखवलं, तर त्यांनी प्रत्येक पुड्यावर बाळ छापलं. कुणी माझं कौतुक केलं की मला तेव्हा बरं वाटे. मग माझ्यापेक्षा पातळ, चकचकीत भाऊ आला आणि मला खोक्यात घातलं. कंपनीनं मला नागपूरच्या एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाला भेट देऊन टाकलं. भेट कसली, अडगळ काढली.

खोकं उघडलं तेव्हा मे महिना होता. नागपूरची ती हवा भिंगावर आली आणि मला वाटलं, आता संपलं. पण संपवलं मला उन्हानं नाही, कपाटानं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे मी किती वर्षं पडून होतो ते मोजायला माझ्याकडे वीजसुद्धा नव्हती.

मला बाहेर काढलं ते मयुरीनं. ती तिथली संशोधक विद्यार्थिनी. चित्रं बघताना माणसांचे डोळे काय करतात, हा तिचा विषय होता. तिनं मला ओढणीनं पुसायला घेतलं, मग थांबली, आणि चष्म्याचं मऊ कापड आणून भिंग पुसलं. त्याच दिवशी मी ठरवलं, हिच्यासाठी जीव तोडून काम करायचं.

तिचे मार्गदर्शक जितेंद्र सर मात्र हसले होते. "मयुरी, चित्र मनानं बघायची गोष्ट आहे. त्यात काय मोजून राहिली तू?"

"मन नाही मोजत सर. डोळे कुठं जातात तेवढं पाहून राहिली."

"मग कवितेला थर्मामीटर लावशील उद्या!"

सगळा विभाग हसला. मी हसलो नाही. मला हसता येत नाही, आणि येत असतं तरी हसलो नसतो.

मयुरीनं काम सुरू केलं. एकच चित्र ती दोन गटांना दाखवायची. पहिल्या गटाला नुसतं चित्र. दुसऱ्याला दाखवण्याआधी सांगायची, हे फार नावाजलेल्या चित्रकाराचं आहे. खरं तर ते तिच्या मावसभावानं काढलं होतं. पण नाव ऐकलेले लोक त्याच चित्रासमोर जास्त वेळ थांबत, आणि उठताना म्हणत, वा, काय खोली आहे! मी फक्त रेघा काढत होतो. रेघांमध्ये सगळं उघडं पडत होतं.

एकदा वामनराव आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पांढरी मिशी, खिशाला दोन पेनं. बसायच्या आधीच त्यांनी मयुरीला समजावलं, "पाहा बेटा, आमच्यासारखा जाणकार माणूस आधी चित्राचा तोल पाहतो. मग रंग. सही-बिही आम्ही पाहतच नाही."

"बरं काका. हनुवटी इथं टेकवा."

पाहणं झालं. मी रेघ काढून दिली. त्यांची नजर सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातल्या सहीवर गेली होती. तिथून आकाशाकडे, आणि परत सहीकडे. मग झाडाकडे, आणि परत सहीकडे.

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मशीन बिघडलं आहे बाप्पा तुमचं."

"काका, पुन्हा एकदा करू?"

"करा ना. पण ती सही झाका आधी. फालतूच मधे-मधे येऊन राहिली ती."

मयुरीनं सहीवर पट्टी टाकली. या वेळी वामनराव किती तरी वेळ बसले. नजर झाडातून हळूहळू उतरली, पाण्यावर गेली, काठाकाठानं फिरली. उठताना म्हणाले, "आता कुठं पाह्यलं वाटते चित्र. चाळीस वर्षं पोरायले शिकवलं अन् आज पाह्यलं." आणि जाता जाता माझ्या डोक्यावर थाप मारली. ती थाप मला आजही आठवते. खुंटीला तडा गेला तो त्याच थापेनं, पण ते असो.

यानंतर माझे दिवस पालटले. जितेंद्र सर पाहुण्यांना खोली दाखवायला लागले. "आमचं यंत्र" म्हणायला लागले. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकू वाहिलं. थोडी हळद भिंगावर सांडली. ती निघेपर्यंत मला सगळ्यांचे डोळे धुक्यात दिसत होते. मित्रांनो, यंत्राची पूजा करायची असेल तर हार घाला, नमस्कार करा, पण भिंगावर काही टाकू नका. हे मी हौसेनं सांगत नाही. भिंगावर पडलेलं पुढे माणसांच्या नशिबावर बसतं.

तर मग मुलं आली.

बेसा भागातल्या एका शाळेनं पहिलीची मुलं पाठवली होती. मुलं चित्र कसं बघतात ते मयुरीला शोधायचं होतं. शाळेनं सोबत घरचं एक-एक माणूस पाठवायला सांगितलं होतं. बाहेरच्या पडवीत बाकावर आया, आज्या, काका बसले. दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

त्यात मनकर्णाबाई होत्या. ऋतुजाची आजी. मूळच्या खापा गावच्या, हातमाग चालवणाऱ्या घरातल्या. माग केव्हाच बंद झाला, मुलगा बेशाला फ्लॅटमध्ये आला, पण आजीच्या कमरेच्या पिशवीत काजळाची डबी होतीच. तुपाच्या दिव्यावर तवा धरून घरी पाडलेलं काजळ.

"ये वं माय, इकडं ये," त्यांनी ऋतुजाला जवळ ओढलं. "एवढ्या मोठ्या कॉलेजात आली अन् डोळे कोरडे? लोकायचे डोळे काय कमी असतात?"

आणि बोटानं भरून काजळ घातलं. मग शेजारच्या बाकावर ओळखीची मुलं निघाली, खाप्याकडची, उमरेडकडची, आजीच्या नात्यागोत्यातली. आजीनं त्यांनाही रांगेत उभं केलं. डबी फिरली. एक बाई मात्र आपल्या मुलाला मागं ओढत म्हणाली, "नको हो काकू, डॉक्टर नाही म्हणतात. इन्फेक्शन होते."

"मले नाही झालं कधी इन्फेक्शन," आजी म्हणाल्या. "माह्याकडे पाह्य, साठी उलटली, अजून सुईत दोरा ओवतो मी."

त्या बाईच्या बाजूच्या मुलांचे डोळे कोरडे राहिले. आजीच्या बाजूच्या मुलांचे भरले.

आता माझी अडचण ऐका. माझ्या उजेडात बाहुली काळी दिसते, हे मी सांगितलंच. काजळही काळंच दिसतं. भरघोस काजळ, त्यातून लहान मूल, पापण्या मिटणार, डोळा चोळणार, काजळ पसरणार. बाहुली कुठे संपते आणि काजळ कुठे सुरू होतं ते मला कळेना. माझ्या कडेचा दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे, थांबा, मला नीट दिसत नाही.

"सर, पिवळा लागून राहिला," मयुरी म्हणाली. "पुन्हा ठिपके दाखवून याला डोळ्यांशी जुळवून घेऊ का?"

"खाली शाळेची बस उभी आहे. मुलं हलतात, पिवळा लागणारच. चालू दे."

आणि चालू दिलं. मी ओरडत होतो. डोळा सापडला नाही. डोळा सापडला नाही. मयुरीच्या हिशेबाचा नियम असा होता, की नजर चित्रावर असेल तेवढा वेळ 'पाहण्याचा', आणि उरलेला सगळा वेळ 'चित्राबाहेरचा'. माझं ओरडणं त्या उरलेल्यात जाऊन पडलं. मला दिसलं नाही, याचा अर्थ त्यांनी लावला की मुलीनं पाहिलं नाही.

ज्या सरांनी थर्मामीटरची थट्टा केली होती, तेच सर आता आकड्यांवर भाळले. यादीत कोरड्या डोळ्यांच्या मुलांच्या नावांपुढे हिरवा रंग आला, काजळवाल्यांच्या नावांपुढे लाल. लाल मुलांची घरं पाहिली तर बहुतेक जुनी विणकरांची. सरांना तर हर्षच झाला. हातमागावरच्या कष्टाच्या घरांतल्या मुलांची नजर चित्रावर ठरत नाही, कलेची ओळख त्यांना घरून मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्यासमोर! माझ्या नावानं!

मी सांगतो, मला त्या दिवशी हात असते तर मी ते कागद फाडले असते.

गोष्ट इथेच थांबली असती तर तो फक्त माझा अपमान झाला असता. पण शाळेनं विचारलं, आमच्या मुलांचं लक्ष कसं आहे ते आम्हालाही सांगा ना. सरांनी लाल-हिरवे रंग देऊन टाकले. मयुरी म्हणाली, सर, हे एकेका मुलासाठी नाही आहे. सर म्हणाले, शाळेला मदत होते तर होऊ दे.

मार्चमधल्या एका दुपारी दार वाजलं. खोलीत नुकताच कूलर लावला होता, नव्या खसचा वास होता. दारात एक तरुण बाई उभी होती, खांद्यावर पर्स, हाताशी मुलगी. मुलीला मी लगेच ओळखलं. म्हणजे तिच्या डोळ्यांवरूनच. काजळ आजही होतं.

"मी पुष्पलता. ऋतुजाची आई." आवाज खालचा होता, पण पाय दारातून मागं सरकले नाहीत. "शाळेत सांगून राहिले की हिले जूनपासून वेगळ्या तुकडीत बसवणार. लक्ष नाही म्हणे पोरीचं. तुमच्या मशीननं सांगितलं म्हणे. मले पाह्यचं आहे, काय सांगितलं ते."

मयुरी उभी राहिली. सर बसूनच होते. "हे पाहा मॅडम, शास्त्रीय मोजणी आहे. यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

"वाईट नाही वाटत सर. झोप लागत नाही. जेवताना पाहते, माझ्याकडं पाहून राहिली का. बोलताना पाहते, ऐकून राहिली का. अभ्यास करताना खडूकडं पाह्यलं तरी छातीत धस्स होते. चांगली हसती-खेळती पोर माझी, मी तिले रोज परीक्षेला बसवून राहिली. मले एकदा माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवा. तिचं लक्ष नसेल तर मी स्वतः तिले त्या तुकडीत नेऊन बसवतो, बसवते..." रागात तिची भाषाही अडखळली. "पण पाह्यल्याशिवाय नाही."

"एकदा झालेली मोजणी..."

"सर, करू या ना," मयुरी म्हणाली.

ऋतुजा खुर्चीवर बसली. पाय लोंबकळत होते. पडद्यावर ठिपके आले, ती बघत होती. मला खात्री होती की ती बघतेय, चेहऱ्याचा रोख सरळ होता. पण बाहुली? काळ्यात काळं. पिवळा दिवा. चित्र आलं आणि गेलं. डोळा सापडला नाही.

"बघा," सर म्हणाले. "पुन्हा तेच."

"ती पाहून राहिली होती सर! मी बाजूलाच उभी होती ना!"

"आईला असंच वाटतं."

"वाटत नाही, दिसते. तुमचं मशीन पाह्यते त्याच्या कितीतरी आधीपासून मी तिले पाहून राहिली."

मोठ्या माणसांचे आवाज चढले आणि ऋतुजाचा ओठ बाहेर आला. मग ती रडायला लागली. दोन्ही मुठींनी डोळे चोळले. काजळ गालांवर आलं, नाकावर आलं, बाह्यांना लागलं. पुष्पलता तिला उचलून नळाकडे घेऊन गेली. साबण लावून तोंड धुतलं, रुमालानं पुसलं. दोघी परत आल्या तेव्हा मुलीचे डोळे लाल होते, पण स्वच्छ.

"आई, ते चित्र पुन्हा लावायला सांग ना," ती म्हणाली. "लवकर गेलं ते."

आपणहून खुर्चीवर चढली. मयुरीनं, मुलगी गप्प व्हावी म्हणून, बटण दाबलं.

आणि मित्रांनो, तिथं होते ते! दोन गोल, ठसठशीत, ओले डोळे. माझा दिवा हिरवा झाला. इतका हिरवा तो वामनरावांसाठीही झाला नव्हता.

मयुरी दिव्याकडे बघत राहिली. मग पुष्पलताच्या हातातल्या रुमालाकडे. रुमाल काळा झाला होता.

"काजळ," ती म्हणाली. "ताई, त्या दिवशीपण लावलं होतं काय?"

"सासूबाई लावतात. मी नाही म्हणते, पण घरातून निघताना दारात गाठतात."

"अन् बाकीच्या मुलांना?"

पुष्पलतानं आठवून पाहिलं. मग तिनं हळूच कपाळावर हात मारला. "सासूबाई घरी येऊन सांगत होत्या, सगळ्या लेकरायले लावून आली म्हणे. आपल्याकडच्या."

मयुरीनं तिच्याकडे काजळाची पेन्सिल मागितली. पर्समध्ये होती. मयुरीनं स्वतःच्या डोळ्यांत ती दोनदा-तीनदा फिरवली. पण सर ऐकायला तयार नव्हते. "योगायोग आहे," म्हणाले. मग मात्र मयुरीनं ऋतुजाला विचारलं, "बेटा, मी एक मिनिट बसू तुझ्या जागी?" आणि बसली. माझा दिवा पिवळा. डोळा सापडला नाही. उठली, डोळे धुऊन आली, बसली. हिरवा. पुन्हा काजळ घातलं. पिवळा. डोळे लाल होईपर्यंत तिनं हे केलं. तिच्याइतक्या शिस्तीनं कुणी रडलं नसेल.

"आता तुम्ही बसा सर," ती म्हणाली.

"मी? काजळ लावून?"

"लावा ना सर," पुष्पलता म्हणाली. "चांगले दिसाल."

सर बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे मशीनच भंगार आहे. खोटं सांगतं. मी किती दिवसांचा म्हणतोय, नवीन मागवा."

खोटं! मी? जेवढ्या वेळा मला दिसलं नाही तेवढ्या वेळा मी तसं सांगितलं. एकदाही ओढूनताणून डोळा दाखवला नाही. पिवळा दिवा लावून थांबा म्हणालो, तर म्हणे बस उभी आहे. जे मी बोललोच नाही ते माझ्या तोंडी घातलं, आणि ते चुकीचं ठरलं तेव्हा म्हणे मशीन खोटं. नाही सर. मी पुठ्ठ्यावर टेकून बसतो, पण माझी मान ताठ आहे.

माझ्या बाजूनं मयुरी बोलली. "सर, याची काही चूक नाही. यानं सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. मीपण नाही ऐकलं. ते विणकरांच्या घरांबद्दल लिहिलेलं मागं घ्यायला पाहिजे. सगळी मुलं पुन्हा बोलवायला पाहिजे. अन् शाळेला सांगायला पाहिजे."

"छापायला गेलंय ते, मयुरी."

"मंग थांबवा."

"अन् शाळेत फोन नका करू सर," पुष्पलता म्हणाली. "तुम्ही स्वतः या. जसे रंग दिले तसे परत घ्यायला या. माझ्या एकटीच्या पोरीचे नाही, सगळ्यायचे."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कूलर घरघरत होता. आणि या सगळ्या भांडणात ऋतुजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती मघाच परत खुर्चीवर चढून बसली होती. पडद्यावर चित्र तसंच होतं, मला कुणी बंद केलं नव्हतं, आणि मी आपला रेघ काढत होतो.

ते चित्र मयुरीनं ओळखीच्या एका चित्रकार बाईकडून मागून आणलं होतं. दुपारचं अंगण, बाजेवर एक बाई डोळे मिटून पडलेली, शेजारी पाण्याचा गडवा, मागं अर्धवट उघडं दार. मोठी माणसं बाईचा चेहरा बघत, मग गडवा बघत, आणि झालं म्हणत. ऋतुजाची रेघ वेगळीच गेली होती. चेहरा, मग बाजेच्या कडेला लोंबणारा हात, मग दार, पुन्हा हात. हातावर निळ्या रेघांचा गुंता झाला होता.

मयुरीचं लक्ष गेलं. ती खुर्चीशेजारी वाकली. "काय पाहून राहिली वं तू एवढं?"

"ती झोपली नाही," ऋतुजा म्हणाली.

"कोण?"

"ही बाई. सोंग घेऊन आहे. तिचा हात पाहा ना, पदर किती घट्ट धरला आहे. झोपलेल्या माणसाचा हात मोकळा असते." मग जरा थांबून, अगदी साधेपणानं, "आईपण असंच करते. डोळे बंद करते अन् ऐकत राहते, मी काय करून राहिली ते. मी मग आवाज नाही करत. तिले वाटू देते की मले नाही समजलं."

पुष्पलतानं पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. तो तिनं सोडला. मग ती मुलीच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खरोखरचे डोळे मिटले.

सर शाळेत गेले. खुशीनं नाही गेले, पण गेले. ऋतुजा तिच्याच तुकडीत राहिली, आणि बाकीची लाल मुलंही. छापायला गेलेलं थांबलं. मुलं पुन्हा आली, मनकर्णाबाईही आल्या. "काजळ नाही लावायचं? मशीन लेकरापेक्षा मोठं झालं काय वं?" म्हणून मयुरीशी कडाकडा भांडल्या. शेवटी प्रत्येक मुलाचा बूट काढायला लावून त्यांनी तळपायाला काजळाचा ठिपका दिला. तळपायाशी माझं काही वाकडं नाही. माझा दिवा सगळ्यांसाठी हिरवा झाला. खाप्याच्या मुलांची नजर कशी फिरली म्हणाल, तर जेवढी मुलं तेवढ्या तऱ्हांनी फिरली. त्यातून कुठल्या घराचं नाव मला वाचता आलं नाही.

नवीन यंत्राची मागणी सरांनी केली आहेच. येऊ दे. तो नवा भाऊ माझ्याहून वेगवान असेल, काजळातूनही त्याला दिसेल कदाचित. पण एखाद्या दिवशी त्यालाही काहीतरी दिसणार नाही, आणि तोही तेवढंच सांगेल.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझं भिंग मऊ कापडानं पुसा, मला उन्हात ठेवू नका, आणि माझा पिवळा दिवा लागला तर बस खाली कितीही वेळ उभी राहिली तरी थांबा. नजर कुठे गेली ते मी सांगीन. ती का गेली, ते त्या माणसाला विचारा, वाकून विचारा. आणि मला जिथं काहीच दिसलं नाही ती जागा कोरी ठेवा, तिथं आपल्या मनातलं भरू नका. भराल, आणि त्या जोरावर एखाद्या मुलाकडे बोट कराल, तर आधी माझ्याशी भांडावं लागेल. मी जुना आहे, पुठ्ठ्यावर टेकलेला आहे, पण अजून चालू आहे.